घरातल्या सावकाश बोलणाऱ्या माणसासाठी

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकमेकांच्या जवळची वाटल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिले खानापूर तालुक्यातून, दुसरे बेळगावच्या वडगावातून आणि तिसरे निपाणीहून आले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, आता नववीत जाणारा मुलगा आणि चौथी झालेली मुलगी अशी सहा माणसे आहेत. माझे यजमान बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पाळीने कामाला आहेत, त्यामुळे संध्याकाळी सगळे एकत्र असण्याचे दिवस मोजकेच येतात. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून नीट चालत नाही आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. त्यांना सगळे कळते, पण एक वाक्य पुरे करायला बराच वेळ लागतो. संध्याकाळी ते सोप्यावर खुर्चीत बसतात आणि आत टीव्ही चालू असतो. सातपासून सासूबाईंच्या मालिका असतात आणि आयपीएलच्या दिवसांत साडेसातपासून मॅच असते; रिमोटवरून रोज वाद होतो. गेल्या आठवड्यात मामंजी माझ्या मुलाला काहीतरी विचारत होते. "आज... आज..." एवढे दोनदा म्हणाले, तेवढ्यात आत षटकार बसल्याचा गलका झाला, मुलगा धावत आत गेला आणि मामंजी गप्प झाले. मी जवळ जाऊन विचारले, तर त्यांनी डाव्या हाताने "राहू दे" अशी खूण केली.

यंदा अंतिम सामन्याच्या दिवशी यजमानांची पहिली पाळी येते, म्हणजे संध्याकाळी ते घरी असतील, आणि माझे दीरही गोव्याहून येणार आहेत. त्या दिवशी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून सगळ्यांनी एकत्र बसायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. इकडे गल्लीतल्या पोरांनी देवळासमोर मोठा पडदा लावायचे ठरवले असून त्याची वर्गणीही झाली आहे. "बेंगळुरूचा संघ अंतिम सामन्यात आला, तरी तुम्ही दार लावून घरात बसणार का?" असे शेजारी विचारतात. मुलगा माझ्याशी बोलत नाही. सासूबाई म्हणतात की आज मॅच बंद केलीस, उद्या माझ्या मालिका बंद करशील. आमचे काही चुकते आहे का? सगळा गाव एकीकडे आणि एकच घर दुसरीकडे, असे किती दिवस निभावेल?

उत्तर : ताई, तुमच्या निर्णयामागचा विचार मला पूर्णपणे पटतो, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. मामंजींनी दोनदा "आज" म्हटले आणि पुढचा शब्द सापडण्याआधीच ऐकणारा निघून गेला. झटक्यामुळे ज्यांच्या वाचेवर परिणाम होतो, त्यांच्यापैकी अनेकांची समज आणि आठवण शाबूत असते. अडून बसतो तो शब्द. मनातली गोष्ट ओठांवर यायला त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दुसरा आवाज मध्ये आला की हाताशी आलेला शब्द पुन्हा निसटतो. म्हणूनच स्पीच थेरपिस्ट घरच्या मंडळींना सुरुवातीलाच सांगतात की रुग्णाशी बोलताना टीव्ही बंद करावा, समोर बसावे, एका वेळी एकानेच बोलावे, "हो" किंवा "नाही" एवढ्यावर उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि त्यांचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. तुमच्या घरात संध्याकाळची शांतता औषधाच्या गोळीइतकीच गरजेची आहे. शेजाऱ्यांनाही हेच सरळ सांगा, कारण खेड्यातली माणसे घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर समजून घेतात. कारण न सांगता दार लावले, तर मात्र त्याचे शंभर अर्थ निघतात.

मात्र अंतिम सामन्याच्या दिवसाबद्दल माझे मत तुमच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. 2022 पासून या स्पर्धेत दहा संघ खेळतात आणि हंगामात 74 सामने ठरलेले असतात. संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि पाऊस वगैरे काही अडचण आली नाही, तरी संपायला अकरा वाजून जातात. सगळे सामने पाहिले, तर हिशेब पावणेतीनशे तासांच्या पुढे जातो, आणि हे सारे आपल्याकडे नेमके एप्रिल-मेमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते त्याच दिवसांत घडते. घराची संध्याकाळ खाल्ली आहे ती या साध्यासुध्या सामन्यांनी, ज्यांतले निम्मे सामने कोणाचे होते हे तुमच्या मुलाला पुढच्या आठवड्यात आठवणारही नाही. अंतिम सामना हा वर्षातून एकदाच येतो आणि तो मित्रांच्या घोळक्यात बसून पाहावासा वाटणे या वयात स्वाभाविक आहे. बेंगळुरूच्या संघाने 17 हंगाम वाट पाहून 3 जून 2025 रोजी अहमदाबादला पंजाबवर सहा धावांनी मात केली आणि पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा आपल्या भागातल्या गल्ल्यागल्ल्यांतल्या मुलांना झालेला आनंद खरा होता. इतर साऱ्या संध्याकाळी मोकळ्या सोडून नेमका तोच एक दिवस तुम्ही बंद केलात, तर घरात एकत्र बसणे ही मुलाच्या लेखी शिक्षा ठरेल, आणि पुढे तुम्ही कितीही प्रेमाने बोलावले तरी तो सोप्यावर येताना तोंड पाडूनच येईल.

म्हणून त्या दिवशी असे करून पाहा. जेवण लवकर, सातच्या सुमारास, सगळ्यांनी सोप्यावर मामंजींच्या खुर्चीभोवती बसून करावे. पहिला डाव संपून दुसरा सुरू व्हायला साडेनऊ होतात. तोपर्यंतचे अडीच तास घराचे. त्या वेळात टीव्ही बंद आणि मोठ्यांचे मोबाईलही दुसऱ्या खोलीत. त्यानंतर मुलाने काकाबरोबर देवळासमोर जाऊन दुसरा डाव पाहावा, आणि मोठ्यांपैकी तुम्ही दोघांनी मामंजी झोपेपर्यंत त्यांच्याजवळ थांबावे. हे मुलाला सांगण्याचे काम मात्र यजमानांनी करावे, आणि सांगताना त्या दिवशी सोप्यावर काय घडले तेही सांगावे. त्याला दोष देण्यासाठी हे सांगायचे नाही. आजोबा त्यालाच काहीतरी विचारत होते आणि ते विचारायचे राहून गेले, एवढेच त्याला कळू द्यावे. ते ऐकल्यावर तो आपण होऊन आजोबांजवळ जाऊन बसला, तर मला नवल वाटणार नाही.

अडीच तास नुसते समोरासमोर बसणे मोठ्यांनाही जड जाते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच "काय करायचे आता?" असे म्हणत कोणीतरी रिमोटकडे हात नेतो. म्हणून हाताला काम असावे. तुमच्याकडे या दिवसांत चिंच फोडायची असते, शेंगा फोडायच्या असतात. परडीभर चिंच मध्ये ठेवून सगळ्यांनी भोवती बसावे. मुले टरफले काढतील, तुम्ही चिंच फोडाल आणि मामंजी डाव्या हाताने चिंचोके वेगळे काढतील. हात गुंतले की बोलण्याची सक्ती राहत नाही, मध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही तरी अवघडल्यासारखे होत नाही, आणि अशाच मोकळ्या जागेत ज्याला शब्द उशिरा सापडतात त्याला बोलायला फावते. त्यांनी "आज" म्हटले, तर सगळ्यांनी हात चालू ठेवून, त्यांच्याकडे पाहत, पुढच्या शब्दासाठी थांबावे. शब्द आलाच नाही, तर बोटाने दाखवायला सांगावे किंवा पाटी-खडू जवळ ठेवावा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या घरांना सहज जमण्यासारखी आहे. वाचा गेलेल्या अनेकांना स्वतःचे साधे वाक्य जुळवता येत नाही. पण आयुष्यभर म्हटलेली आरती, मोजणी किंवा अभंग इतरांच्या सुरात सूर मिसळून बऱ्यापैकी म्हणता येतो, कारण पाठ झालेले आणि गायलेले शब्द मेंदूत काहीसे वेगळ्या वाटेने येतात. खानापूर-बेळगावच्या गावांत भजनी मंडळे आहेत, हरिनाम सप्ताह होतात, आणि मामंजींच्या वयाच्या कितीतरी माणसांना हरिपाठ तोंडपाठ असतो. त्यांना येत असेल, तर जेवणाआधी हरिपाठातले दोन-चार अभंग सगळ्यांनी मिळून सावकाश म्हणावेत. यातून वाचा परत येईलच असे मी म्हणणार नाही. पण दिवसभरात एकदा तरी त्यांचा आवाज घरात सगळ्यांच्या बरोबरीने ऐकू येईल. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असला, तरी त्यानंतरही ती होत राहू शकते. तेव्हा अजून स्पीच थेरपिस्टला दाखवले नसेल, तर बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयात एकदा अवश्य दाखवा.

आता सासूबाईंविषयी. त्यांचा राग मला रास्त वाटतो. दिवसभर शेतात आणि घरात राबून, आजारी नवऱ्याचे सगळे करून संध्याकाळी त्या टेकतात, तेव्हा त्यांच्याजवळ येऊन बसणारे दुसरे कोणी नसते. मालिकेतली माणसेच त्यांची सोबत झालेली असतात. ती सोबत काढून घेण्याआधी तिच्या जागी काय देणार आहात, याचा विचार तुम्ही आणि यजमानांनी करायला हवा. सात ते दहा या वेळात एकामागून एक पाच-सहा मालिका लागतात, पण त्यांतली जिवाभावाची बहुधा एकच असते आणि बाकीच्या टीव्ही चालू असतो म्हणून पाहिल्या जातात. त्यांना विचारा की यांतली तुमची कोणती. ती तेवढी त्यांच्या शेजारी बसून पाहा, कोण कोणाशी कसे वागले यावर त्यांच्याशी बोला, आणि ती संपल्यावर त्यांनीच स्वतःच्या हाताने टीव्ही बंद करावा. राहिलेले भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

एकट्या घराने किती दिवस निभवायचे, हा तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, पण त्याला उत्तर आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. तिथे कायद्याचा बडगा नव्हता. मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून ग्रामसभेत ठरले आणि शिक्षक, अंगणवाडी सेविका, पंचायत सदस्य यांनी सुरुवातीला घरोघर फिरून ते रुजवले. आपल्या बेळगाव तालुक्यातल्या हलगा गावानेही तसाच सात ते नऊचा प्रयोग हाती घेतला आहे. या गावांचा अनुभव एवढे नक्की सांगतो की शेजारच्या घरातला टीव्ही बंद असला की आपला बंद ठेवणे फारसे जड जात नाही. सगळा गाव तुमच्यासाठी थांबणार नाही, पण तुमच्या आळीत मामंजींना पाहायला येणारी तीन-चार घरे असतीलच. त्यांना आठवड्यातली एक संध्याकाळ तुमच्या सोप्यावर चिंच फोडायला बोलवा. त्यांची मुले आली, की तुमच्या मुलीला आणि मुलालाही घरात कोंडल्यासारखे वाटणार नाही.

प्रश्न : नमस्कार. मी वडगावचा, घरातच दोन पॉवरलूम आहेत. गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. पत्नी बाळंतपणासाठी चिकोडी तालुक्यात माहेरी आहे आणि श्रावणात परत येईल. मी लग्नाआधीपासून आमच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता आहे. देखावा, वर्गणी, रात्रीची राखण, विसर्जन सगळीकडे मी पुढे असतो आणि त्या दिवसांत घरी फक्त आंघोळीला येतो. या वर्षी पत्नीने फोनवर सांगितले की बाळाचा पहिला गणपती आहे, संध्याकाळी तुम्ही घरी हवेत. पुढच्या आठवड्यात मंडळाची पहिली बैठक होऊन जबाबदाऱ्या वाटल्या जातील. मी मागे सरलो, तर "लग्न झाल्यावर बदलला" असे मित्र म्हणणार. शिवाय आमच्या दारातच मंडप असतो, त्यामुळे घरी बसूनही शांतता मिळणार नाही. काय करावे?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्नीने मागितलेली गोष्ट फार मोठी नाही आणि ती तिने चार महिने आधी मागितली आहे, याचा तुम्ही आनंद मानावा. गणपती येईल तेव्हा मुलगी पाच-सहा महिन्यांची असेल. त्या वयाचे मूल स्वतःशी आवाज काढते, मग थांबते आणि समोरच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. समोरच्याने त्याला आवाज दिला, तर ते पुन्हा काढते. बोलण्याची सुरुवात अशीच, एकाने आवाज काढायचा आणि दुसऱ्याने द्यायचा, या देवाणघेवाणीतून होते. तुमच्या घरात दिवसभर मागांचा खडखडाट असतो. माग थांबल्यावर रात्री तिला झोप लागेपर्यंत जो काय तास-दीड तास मिळतो, तेवढाच तिला तुमचा आवाज ऐकू येण्याचा वेळ आहे, आणि तोच वेळ मंडपात जात असेल, तर मंडळाला दुसरा माणूस मिळेल, पण मुलीला दुसरा बाप मिळणार नाही. मित्र काय म्हणतात याची काळजी करू नका. त्यांच्यापैकी जे बाप झाले आहेत, त्यांना हे मनातून पटेलच.

मंडळ सोडा असे मात्र मी अजिबात सांगणार नाही. बेळगावचे देखावे पाहायला खेड्यापाड्यांतून माणसे येतात, पोरे महिनाभर खपून ते उभे करतात, आणि त्या कामातून या शहरातल्या कितीतरी तरुणांना जबाबदारी कळली आहे. तुम्ही फक्त कामाची वेळ बदलून घ्या, आणि ते बैठकीत सगळ्यांत आधी उभे राहून सांगा, म्हणजे पुढे कोणाला ऐनवेळी अडचण होणार नाही. वर्गणीचा हिशेब, परवानग्यांचे कागद, मूर्ती आणणे, सकाळची पूजा आणि आरती ही कामे दिवसाउजेडी होतात. रात्रीची राखण बिनलग्नाच्या पोरांकडे द्यावी, त्यांना ती हवीच असते. घरच्या गणपतीची संध्याकाळची आरती मात्र तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन करावी. विसर्जनाच्या रात्री जायचे असेल, तर जरूर जा, पण मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत पोहोचायला किती उशीर होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्या रात्री पत्नीच्या सोबतीला तुमच्या किंवा तिच्या आईला ठेवूनच निघा.

दारातल्या आवाजाबद्दल तुम्हीच काही करू शकता, कारण तुम्ही मंडळाचे आहात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम देशभर लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, पण तीही वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि डीजेच्या भिंतीसमोर तिचे काय होते हे सांगायला नको. तक्रार घेऊन पोलिसांकडे जाणाऱ्या शेजाऱ्याशी पोरे वाकड्यात शिरतात. तोच मुद्दा वर्षानुवर्षे राबलेल्या कार्यकर्त्याने बैठकीत मांडला, तर ऐकून घेतात. आपल्या गल्लीत तान्ही बाळे कोणाकडे आहेत, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे कोणत्या घरात आहेत, याची मोजदाद करून स्पीकरचे तोंड त्या घरांकडे नको, आरती सोडून इतर वेळी आवाज खाली, आणि दहानंतर बंद, एवढे तीन ठराव तुम्ही करून घेतलेत, तर त्यात देवाचे काहीच कमी होत नाही. पोरांनी एका वर्षात सगळे ऐकले नाही, तरी स्पीकरचे तोंड फिरवणे याच वर्षी होऊ शकते, आणि तेवढ्यानेही तुमच्या घरात फरक पडेल.

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त शिक्षक. दर मे महिन्यात मुलीची दोन मुले पुण्याहून येतात, थोरला अकरा वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. बेळगावहून मुलाची मुलेही येतात. पूर्वी घर दणाणून जायचे. आता सगळी आपापल्या मोबाईलमध्ये रील पाहत बसतात. काही विचारले की "हं" किंवा "माहीत नाही". पुण्याची मुले इंग्रजी शाळेत, बेळगावची मुले कन्नड-इंग्रजीत, मराठी वाचन कोणाचेच धड नाही. आल्या दिवशीच वायफाय बंद करावे असे मला वाटते. पत्नी म्हणते, मग ती पुढच्या वर्षी यायचीच नाहीत. आपले मत कळवावे.

उत्तर : सर, तुमच्या पत्नीचे म्हणणे पहिल्या दिवसापुरते बरोबर आहे. वर्षभराने आलेली मुले आजी-आजोबांशी लगेच मोकळी होत नाहीत. मोबाईल नव्हता तेव्हाही ती दोन दिवस आईच्या पदराआडच असायची. आज त्या पदराच्या जागी मोबाईल आहे. तो हिसकावून घेतला, तर ती गप्पच बसतील. "शाळा कशी आहे? किती मार्क पडले?" हे प्रश्नही पहिले दोन दिवस बाजूला ठेवा. शिक्षकाच्या घरात ते आपोआप तोंडी येतात आणि मुलांना ते परीक्षेसारखे वाटतात.

धाकटीची गोष्ट वेगळी आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एक तासाहून जास्त बसवू नये, कमी असेल तितके चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. तिच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून ठाम राहा. ती रमली की मोठी मुलेही हळूहळू तिच्यामागे येतात.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात खडूने पाच घरे उभी आणि पाच आडवी असा पंचवीस घरांचा पट आखा, मधल्या आणि चारी बाजूंच्या मधोमधच्या घरात फुली मारा, आणि चार कवड्या किंवा चिंचोके फोडून त्यांची एक बाजू पांढरी करून घ्या. चारही पांढरे वर पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळते. आपल्याकडे कोणी याला चल्लस-आठ म्हणतात, कानडी शेजारी चौकाबारा म्हणतात, आणि बेळगावच्या नातवंडांना तो कदाचित मित्रांकडून आधीच येत असेल. तसे असेल, तर पुण्याच्या मुलांना शिकवण्याचे काम त्यांच्यावर सोपवा आणि तुम्ही एक सोंगटी घेऊन खेळायला बसा. सोंगटी मारली गेली की मुले भांडतात, आणि भांडताना "हं" एवढ्यावर कोणाचे भागत नाही. खेळ मराठीत होईल, कारण त्या अंगणात सगळ्यांना समजणारी भाषा तीच आहे. वाचनाचे म्हणाल, तर मुलांच्या हातात पुस्तक देऊन "वाच" असे म्हणू नका. रात्री अंथरुणे पडल्यावर तुम्हीच रोज एक गोष्ट मोठ्याने वाचा, आणि ती अर्ध्यावर आली की थोरल्याकडे पुस्तक देऊन चष्मा पुसायला लागा. अडखळला तर दुरुस्त करू नका, शब्द जुळेपर्यंत थांबा. सकाळी पत्नी कुरडया-पापड घालत असतील, तर वाळवणाची राखण आणि पिठाचे गोळे खाणे या दोन्ही गोष्टी मुलांच्या वाट्याला येऊ द्या.

वायफायचा नियम तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळ्यांना विचारून करा. दुपारच्या उन्हात दोन तास मोबाईल चालेल, संध्याकाळी पाचपासून झोपेपर्यंत सगळ्यांचे मोबाईल, तुमचाही आणि मुली-जावयाचाही, एका डब्यात राहतील. मुलीशी आणि सुनेशी हे आधीच फोनवर बोलून घ्या, कारण आईवडील बाजूला बसून रील पाहत असतील, तर अकरा वर्षांचा मुलगा आजोबांचा नियम दोन दिवसही पाळणार नाही. तारखांचाही विचार आताच करायला हवा. बेळगावच्या मुलांची शाळा मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते, महाराष्ट्रातल्या मुलांची जूनच्या मध्यावर. आणि पुण्याच्या मुलांची सुट्टी मे लागल्याशिवाय नीट सुरू होत नाही. चारही नातवंडे एकत्र असण्याचे दिवस मेमधलेच, म्हणून पुण्याहून येण्याचे तिकीट त्या हिशेबाने पहिल्याच आठवड्याचे काढायला मुलीला सांगा.